पाइपलाइनच्या वाटेतली टेकडी

मुंबईच्या उपनगरांत पाणी आधी टेकडी चढतं, मग घरात येतं. तानसा, वैतरणा, भातसा इथलं पाणी शंभरेक किलोमीटरवरून येतं. त्यातलं बरंचसं भांडुपच्या संकुलात शुद्ध होतं आणि तिथून वेरावली, मालाड, बोरिवली, पवई, घाटकोपर इथल्या टेकड्यांवरच्या जलाशयांत जातं. महापालिकेचा चावीवाला ठरल्या वेळी व्हॉल्व्ह फिरवतो, तेव्हा त्या उंचीच्या जोरावर अंधेरीच्या चाळीतला नळ वाहू लागतो. रोज साडेतीन हजार दशलक्ष लिटरहून जास्त पाणी असं मुख्यतः उताराच्या भरवशावर फिरतं. म्हणून पाणीखात्याला टेकड्या हव्याच असतात. टेकड्या हव्या असणारे दुसरे लोक म्हणजे ज्यांना सपाटीवरची जागा कधीच परवडली नाही ते. त्यामुळे उपनगरांतल्या डोंगरउतारांवर मोठ्या जलवाहिन्या आणि एकावर एक चढवलेल्या झोपड्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत.

अशा उतारावरून किंवा त्याच्या पायथ्यातून नवी पाइपलाइन न्यायची, तर तो उतार टिकेल की घसरेल हे आधी कसं ओळखायचं? विमानातून लेझर सोडून जमिनीचा नकाशा करण्याचं तंत्र, म्हणजे लायडार, या कामात जगभर वापरलं जातं. आपल्याकडेही ते येऊन आता बरीच वर्षं झाली. ते काय दाखवतं, काय दाखवत नाही, आणि मुंबईच्या उपनगरांत त्याचा नीट उपयोग का होत नाही, याचा हा आढावा. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: पहिली मोजणी करणं आपल्याला जमू लागलंय, पण अडचण आहे ती दुसऱ्या मोजणीची, आणि पहिल्या मोजणीचा नकाशा कोणाच्या कपाटात पडून राहतो याची.

आधी डोंगरांविषयी. उपनगरं ज्यावर वसली त्या साष्टी बेटाचा खडक दख्खनच्या लाव्हाचा, पण पुण्याकडच्यासारखा एकसुरी बेसॉल्ट इथे नाही. घाटकोपर-पवईच्या पट्ट्यात ज्वालामुखीची राख आणि दगडगोटे घट्ट बसून झालेला खडक आहे. कान्हेरीची लेणीही अशाच मिश्र खडकात कोरलेली आहेत. अंधेरीत गिल्बर्ट हिलचे बेसॉल्टचे खांब साठेक मीटर सरळ उभे आहेत. थर साधारण पश्चिमेकडे कललेले, मधेमधे मऊ थर, वर मुरूम आणि तांबडी माती. त्यात शंभरेक वर्षांच्या दगडखाणींनी चांदिवली, साकीनाका, घाटकोपर, विक्रोळी इथले उतार पायथ्याशी उभे कापून ठेवले. खाणी बंद पडल्या, कडे तसेच राहिले. कड्याच्या वर वस्ती, खाली वस्ती, आणि वरच्या वस्तीचं सांडपाणी कड्याच्या फटींत. दरड कोसळायला लागणारं सगळं सामान इथे बाराही महिने तयार असतं, फक्त जुलैचा पाऊस यायचा बाकी असतो.

तो आला की काय होतं ते मुंबईकरांना पाठ आहे. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझाद नगरात दरड कोसळून साठहून अधिक माणसं गेली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि त्याच दिवशी साकीनाक्याला डोंगराचा तुकडा घरांवर आला. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूरच्या भारत नगरात संरक्षक भिंत पडली, विक्रोळीच्या सूर्यानगरात दरडीने घरं गाडली, आणि त्याच पावसाचं पाणी भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात शिरलं. विद्युत यंत्रणा बंद करावी लागली, शहराच्या मोठ्या भागाचा पुरवठा विस्कळीत झाला, पाणी उकळून प्या असं सांगावं लागलं. वर्तमानपत्रांत या तिन्ही बातम्या वेगवेगळ्या चौकटींत आल्या. माझ्या मते ती एकच बातमी होती: डोंगरावरचं पाणी कुठून वाहत येणार याचा हिशेब कोणाकडेच नव्हता.

मालाडचं उदाहरण तर पाणीखात्याच्या अगदी उंबरठ्यावरचं. मालाड टेकडीवरच्या जलाशयाच्या जागेभोवती पालिकेने लांबलचक भिंत बांधली होती. अतिक्रमण रोखायला भिंत हवी, इथवर ठीक. पण भिंत उताराला आडवी होती आणि उतारावरून येणारं पाणी तिच्यामागे साचत गेलं. २ जुलै २०१९ च्या मध्यरात्रीनंतर ती फुटली आणि पिंपरीपाडा, आंबेडकर नगर भागातल्या झोपड्यांवर पाणी, चिखल आणि भिंतीचे तुकडे एकदम आले. तीसच्या आसपास माणसं दगावली. भिंत किती मजबूत होती, पाणी निघून जायला भोकं पुरेशी होती का, यावर पुढे चौकशा झाल्या. मला रुतून बसतो तो त्याआधीचा प्रश्न. भिंतीची रेषा कागदावर ओढली तेव्हा तिच्या वरच्या अंगाचे ओहोळ कोणी मोजले होते का? अर्धा मीटर खोल, पावसाळ्याशिवाय डोळ्यालाही न दिसणारे ओहोळ भिंतीला कुठे कुठे येऊन मिळतात, हे नेहमीच्या नकाशावर दिसत नाही. लायडारच्या नकाशावर दिसतं.

नेहमीचा नकाशा कसा असतो? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ नंतर देशभरातल्या सुमारे सव्वाचार लाख चौरस किलोमीटर डोंगराळ प्रदेशाचा दरडप्रवणतेचा नकाशा केला. काम मोठं आणि मोलाचं आहे. पण त्याचं प्रमाण १:५०,०००, म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवरचे पन्नास मीटर. त्या एका मिलिमीटरात विक्रोळी पार्कसाइटची चाळीची अख्खी रांग, तिच्यामागचा कडा आणि कड्यावरची दुसरी रांग असं सगळं मावतं. या प्रमाणाच्या नकाशांवर समोच्च रेषांमधलं अंतर बहुधा २० मीटरचं; आठ मीटरचा उभा खाणकडा दोन रेषांच्या मधे हरवून जातो. उपग्रहांवरून केलेले उंचीचे नकाशे फुकट मिळतात, पण त्यातला एक चौकोन तीस मीटरचा असतो आणि तो जमिनीचं नव्हे तर छपरांचं आणि झाडांच्या शेंड्यांचं माप देतो. कुठला तालुका धोक्याचा हे ठरवायला हे पुरतं. पाइपचा पाया कुठे खणायचा यासाठी ते अगदीच अपुरं आहे.

लायडारचं गणित ऐकायला सोपं आहे. विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून लेझरचे स्पंद सेकंदाला लाखोंच्या संख्येने खाली सोडायचे, आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात तीस सेंटिमीटर जातो; जाऊन-येऊन धरलं तर पंधरा. एवढा बारीक वेळ मोजता आला की अंतर कळलं. विमान त्या क्षणी नेमकं कुठे होतं ते उपग्रहांकडून, आणि कुठल्या बाजूला किती कललं होतं ते आतल्या जडत्वमापकाकडून समजतं. तिन्ही जुळवले की प्रत्येक परतीचा एक बिंदू मिळतो: अक्षांश, रेखांश, उंची. चौरस मीटरला दहा-वीस बिंदू आता सहज मिळतात. उघड्या, टणक जमिनीवर उंचीतली चूक पाच-दहा सेंटिमीटरच्या आसपास राहते.

यातलं खरं कसब झाडांखालची जमीन काढण्यात आहे. जंगलात ज्या फटींतून कवडसे खाली पडतात, त्याच फटींतून काही स्पंद जमिनीपर्यंत पोहोचतात. एकाच स्पंदाचा काही भाग शेंड्यावरून परततो, काही मधल्या फांदीवरून, उरलेला जमिनीवरून. यंत्र हे सगळे परतावे वेगवेगळे टिपतं. मग संगणकावर झाडं आणि घरं वजा करायची की खाली उघडीवाघडी जमीन उरते. तिच्यावर कृत्रिम सावली टाकली की जुन्या घसरणीची अर्धवर्तुळं, भेगांच्या पायऱ्या, पोट फुगलेले उतार, बुजलेले ओढे असं सारं डोळ्यांसमोर येतं. पायी हिंडून वर्षभरात न दिसणारी गोष्ट दुपारभरात दिसते. अर्थात, बघता येणाऱ्याला.

कुठे उडायचं याइतकंच कधी उडायचं हेही महत्त्वाचं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातलं जंगल बहुतांशी पानझडीचं आहे. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात डोंगर उघडा पडतो आणि लेझरला वाट मिळते. जूननंतर ढग, सप्टेंबरात कमरेएवढं गवत. अडचण कारवीची. तिची दाट झुडपं जमिनीपासून डोक्याच्या वरपर्यंत इतकी गच्च असतात की संगणक त्या झुडपांच्या माथ्यालाच जमीन समजून बसतो. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते आणि फुलून झाली की वाळून जाते. उद्यानात २०१६ मध्ये फुलली, पुढे २०२४ मध्ये. तिच्या मरणानंतरचे उन्हाळे मोजणीला सोयीचे ठरावेत असा माझा कयास आहे. कुठल्याही निविदेत कारवीच्या फुलण्याचा विचार झालेला मी तरी पाहिलेला नाही.

जंगल परवडलं, पण वस्ती अवघड. घाटकोपर पश्चिमेच्या किंवा भांडुपच्या डोंगरावरच्या वस्तीत गल्ली तीन-चार फुटांची, वर दोन्ही बाजूंचे पोटमाळे पुढे आलेले, त्यावर निळी ताडपत्री. तिरका जाणारा स्पंद जमिनीला शिवतच नाही. अगदी सरळ खाली आलेला शिवला तर शिवला. म्हणजे सलग दीडशे-दोनशे मीटर उतारावर खऱ्या जमिनीचे बिंदू मूठभर, बाकीची जमीन संगणकाने अंदाजाने भरलेली. त्यात दुसरी गोची. इमारत ओळखायची संगणकाची खूण म्हणजे उंचीतला एकदम चढ. खाणीचा उभा कडा किंवा संरक्षक भिंत यांनाही तीच खूण लागू पडते. मग तो कडा ‘इमारत’ म्हणून खोडला जातो आणि जागेवर गुळगुळीत उतार येतो. नकाशावर गोल झालेला कडा सुरक्षित दिसतो. यावर उपाय आहेत: उड्डाणाच्या रेषा दोन दिशांनी आणि एकमेकींवर जास्त चढवून घ्यायच्या, लेझरचा कोन अरुंद ठेवायचा, आणि उरलेल्या गल्ल्यांतून हातात धरायचा स्कॅनर घेऊन माणूस फिरवायचा. शेवटचं काम सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत गरजेचं.

नकाशा हाती आल्यावर पाइपलाइनचा अभियंता त्यात काय शोधतो? पहिली गोष्ट, पाइप उताराला आडवा जातोय की उताराबरोबर. उतार हळूहळू सरकत असेल आणि पाइप त्याच्या कुशीतून आडवा गेला असेल, तर मातीचा सगळा रेटा एका बाजूने बसतो आणि पाइप वाकतो. तोच पाइप धारेवरून किंवा सरळ खाली उतरत असेल तर ताण लांबीच्या दिशेने येतो. जोड चांगले असतील तर पोलाद तो पुष्कळ सोसतं. दुसरी गोष्ट, ओढे कुठे ओलांडायचे आणि पुराचं पाणी तिथली माती किती खरवडेल. तिसरी, वरून सुटलेला दगड घरंगळत कुठवर येईल. चौथी आपल्याकडे फार लागते: पाइपलाइनच स्वतः काय बिघडवेल? चर खणला की पाण्याला नवी वाट मिळते, भराव टाकला की जुनी वाट अडते, आणि दाबाखालची मोठी वाहिनी डोंगरावर गळू लागली तर मुरमाचा उतार भिजवायला पावसाचीही गरज उरत नाही.

बाहेरच्या जगात हे धडे महाग पडले आहेत. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात मार्शल काउंटीमध्ये ७ जून २०१८ रोजी ३६ इंची वायुवाहिनी फुटून आगीचा लोळ उठला. वाहिनी जुनी नव्हती, त्याच वर्षाच्या सुरुवातीला कार्यान्वित झाली होती. जमीन घसरल्याने ती तुटली. तीनच महिन्यांनी शेजारच्या पेनसिल्व्हेनियात तसंच झालं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय पाइपलाइन नियामकाने जमीन सरकण्याच्या धोक्याबद्दल कंपन्यांना सूचनापत्र काढलं. पुढल्या वर्षी मिसिसिपीत साटार्शिया गावाजवळ पावसाने भिजलेला उतार घसरून कार्बन डायऑक्साइडची वाहिनी तुटली आणि चाळीसहून अधिक लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. तिन्ही ठिकाणी डोंगर हिमालयासारखे नव्हेत, आपल्या घाटकोपर-मुलुंडसारखे बुटके.

अलास्काने उलटा क्रम लावला. नव्या वायुवाहिनीची चर्चा चालू असतानाच, २०१० आणि २०११ मध्ये, राज्याच्या भूविज्ञान विभागाने संभाव्य मार्गांच्या पट्ट्यांची विमानातून लायडार मोजणी करून घेतली. जुन्या घसरणी, भूकंपाचे भ्रंश, गोठलेल्या जमिनीचे धोके त्यावर काढले आणि मूळ मोजमापं कोणालाही फुकट दिली. वाहिनी राहिली कागदावर, पण मोजमापं इतरांच्या कामी आली. धोका आधी माहीत असण्याची किंमत त्याच राज्यात २००२ मध्ये दिसली होती. तिथल्या जुन्या तेलवाहिनीखाली ७.९ तीव्रतेच्या भूकंपाने जमीन चार मीटरहून जास्त सरकली, तरी वाहिनी फुटली नाही. भूवैज्ञानिकांनी भ्रंशाची जागा सत्तरच्या दशकातच दाखवली होती, म्हणून तिथे पाइप सरकत्या तुळयांवर ठेवला होता.

मला याहून आवडते ती बेनब्रिज बेटाची गोष्ट. वॉशिंग्टन राज्यातल्या या बेटाची लायडार मोजणी १९९६ मध्ये करवली ती तिथल्या पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थेने, पावसाचं पाणी जमिनीत कुठे मुरतं ते पाहायला. नकाशात झाडीखाली एक सरळ पायरी दिसली. ती निघाली भूकंपाच्या भ्रंशाची. पाण्यासाठी केलेल्या मोजणीने त्या सबंध भागाचं भूकंपशास्त्र बदललं, कारण मोजणी पाणीखात्याच्या दप्तरात अडकून पडली नाही. त्याच राज्यात २२ मार्च २०१४ रोजी ओसो इथे डोंगर घसरून ४३ माणसं मेली. तिथल्या लायडारमध्ये जुन्या घसरणींच्या खुणा आधीपासून स्पष्ट होत्या. नकाशा होता, पण तो घरबांधणीच्या परवान्याच्या टेबलापर्यंत गेला नाही.

आता आपलं घर. महाराष्ट्रातलं सर्वांत गाजलेलं लायडार उड्डाण पाइपलाइनसाठी झालं नाही, बुलेट ट्रेनसाठी झालं. मुंबई-अहमदाबादच्या ५०८ किलोमीटर मार्गाची मोजणी नेहमीच्या पद्धतीने दहा-बारा महिने घेती, ती हवाई लायडारने बारा आठवड्यांत उरकली असं राष्ट्रीय हायस्पीड रेल महामंडळाने सांगितलं. पुढे २०२१ मध्ये मुंबई-नागपूर मार्गासाठीही तेच तंत्र वापरलं. अहमदाबाद मार्गाचा वांद्रे-कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंतचा २१ किलोमीटरचा बोगदा आपल्याच उपनगरांखालून जातो. विक्रोळीला त्याचा एक मोठा उभा खड्डा खणला गेला. लांबलचक, अरुंद पट्टा, मालकीची हजार भांडणं, ओढे-नाले, डोंगर हे सगळं मोठ्या पाइपलाइनच्या वाट्यालाही येतंच. त्यामुळे ‘हे आपल्याकडे जमेल का’ ही शंका आता उरलेली नाही.

शहरापुरतं बोलायचं तर २००५ च्या २६ जुलैच्या पुराची कारणं तपासणाऱ्या माधवराव चितळे यांच्या समितीने २००६ मध्ये अहवाल दिला आणि त्यानंतर मुंबईतल्या सखल भागांच्या उंचीकडे प्रथमच गांभीर्याने पाहिलं गेलं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये शहरी पुरासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही ०.२ ते ०.५ मीटर अंतराच्या समोच्च रेषांचा आग्रह आहे. जून २०२० मध्ये पुराचा आगाऊ अंदाज देणारी आयफ्लोज ही यंत्रणा मुंबईसाठी सुरू झाली. सगळं स्तुत्य, आणि सगळं खालच्या पाण्याबद्दल. हिंदमाता, मिलन सबवे, कुर्ला इथे पाणी किती चढेल याची चिंता आपण करतो. ते पाणी असल्फाच्या किंवा मुलुंडच्या उतारावरून खाली येताना काय उखडून आणेल, हा प्रश्न मागे पडला. सखल भागात पाणी साचलं की लोकल थांबते, कदाचित म्हणून असेल.

लेझर जमिनीच्या पृष्ठभागापाशी थांबतो, हीही गोष्ट मुंबईत मोठी आहे. उघड्या वाहिन्यांची गळती, चोरी, अतिक्रमण याला कंटाळून पालिकेने गेल्या काही दशकांत जलबोगद्यांचा रस्ता धरला. त्यातला गुंदवली ते भांडुप हा पंधरा किलोमीटरचा बोगदा. दरडीचा, दगड पडण्याचा धोका तिथे नाही. मग त्याला भोक कशाने पडलं? ठाण्यात कोणी तरी खणलेल्या कूपनलिकेने. दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून महिनाभर मुंबईकरांना पंधरा टक्के पाणीकपात सोसावी लागली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला अंधेरीत सीप्झजवळ मेट्रो ६ च्या कामात खोदताना वेरावली जलाशयाला जाणारी १,८०० मिलिमीटरची वाहिनी फुटली आणि अंधेरीपासून घाटकोपर-कुर्ल्यापर्यंतचे लोक टँकरमागे धावले. उपनगरांतल्या वाहिन्यांचा मोठा शत्रू डोंगर नसून ड्रिल आहे, असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. जमिनीखालच्या वाहिन्यांची नोंद हा वेगळा विषय, त्याची यंत्रंही वेगळी. तोही आपण सोडवतो असा आव लायडारवाल्यांनी आणू नये.

परवानग्यांचं जंजाळ २०२१ पासून बरंच सुटलंय. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशे करण्यासाठीच्या पूर्वपरवानग्या बहुतांशी काढून टाकल्या. आडव्या दिशेत एक मीटर आणि उभ्या दिशेत तीन मीटरपेक्षा बारीक मोजमापं मात्र भारतीय संस्थांनीच करायची आणि देशातच ठेवायची. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ड्रोनचे नवे नियम आले, विमानतळाभोवतीचं परवानगीचं वर्तुळ ४५ किलोमीटरवरून १२ वर आलं. मुंबईत त्याचा फायदा अर्धाच, कारण अंधेरी, घाटकोपर, विक्रोळी हे सगळं त्या बारांतच बसतं. पूर्वेकडून उतरणारी विमानं घाटकोपरच्या डोक्यावरून येतात. जिथे दर महिन्याला ड्रोन उडवावा असं वाटतं, नेमकं तिथेच तो उडवणं सगळ्यांत कठीण.

दर महिन्याला नाही, तर निदान दरसाल तरी. एका उड्डाणाने डोंगर आज कसा आहे ते कळतं. तो सरकतोय की नाही ते कळायला दुसरं उड्डाण लागतं. मार्च-एप्रिलमध्ये एकदा, पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा, आणि दोन्ही नकाशांची वजाबाकी. कुठे जमीन अर्धा मीटर खचली, कुठे पायथा फुगला, कुठे कोणी राडारोडा ओतला, कुठे नवी भिंत उठली, हे त्या एका वजाबाकीत उतरतं. आपल्या प्रकल्पांची रचना मात्र अशी की मोजणी हा अहवालाचा एक टप्पा असतो: अहवाल मंजूर झाला, बिल निघालं, मोजणी संपली. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे जुळे बोगदे, ठाणे-बोरिवली बोगदा, बुलेट ट्रेन ही सगळी कामं एकाच डोंगररांगेच्या आजूबाजूला चालू आहेत. प्रत्येकाची यंत्रणा वेगळी, सल्लागार वेगळा, मोजणी वेगळी. डोंगर एक.

दोन उड्डाणांमधला काळ उपग्रहाच्या रडारने भरून काढता येतो. रडारच्या दोन फेऱ्यांमधला फरक काढून जमिनीची काही मिलिमीटरची हालचालही टिपता येते. युरोपचा सेंटिनेल बऱ्याच वर्षांपासून हे मोफत देतो, पण त्याच्या लहरी झाडीत अडखळतात. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या निसार या इस्रो-नासाच्या उपग्रहाची एक लहर लांब आहे, ती झाडीतून बरी आरपार जाते. भांडुप-मुलुंडच्या जंगलकिनारी पट्ट्याला त्याचा उपयोग व्हावा. मात्र उभ्या खाणकड्यावरून सुटणारा दगड आधी सूचना देऊन सुटत नाही. हळू सरकणाऱ्या मातीसाठी रडार, कड्यासाठी लायडार आणि कड्याखाली राहणाऱ्या बाईला ‘भिंतीतून पाणी गढूळ यायला लागलं का’ हे विचारणारा माणूस, असे तिन्ही लागतील.

त्या बाईपाशी आलो की नकाशाचा अवघड भाग सुरू होतो. राज्याच्या झोपडपट्टी सुधार मंडळाने २०१० च्या सुमारास मुंबईच्या डोंगरांवरच्या धोकादायक झोपड्या मोजल्या, तेव्हा आकडा आला २२,४८३, आणि त्यांतल्या ९,६५७ तातडीने हलवाव्यात असं ठरलं. पुढे बांधल्या गेल्या त्या मुख्यतः संरक्षक भिंती. हलवणं जिथे खरोखर घडलं ते पाइपलाइनसाठी. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर मोकळे करताना विद्याविहार-घाटकोपरकडची हजारो कुटुंबं २०१७ च्या आसपास माहुलला पाठवली गेली. रिफायनऱ्यांच्या शेजारी, खोकल्याच्या आणि कातडीच्या तक्रारी घेऊन ती पुन्हा न्यायालयात उभी राहिली. मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर मुलुंड ते शीव असा ३९ किलोमीटरचा सायकल मार्ग आखला गेला. पाइप सुरक्षित झाला असेल, माणसं झाली नाहीत.

म्हणून सूर्यानगरातल्या लोकांना लेझरचा नकाशा दाखवला तर त्यांचा पहिला प्रश्न ‘आमचा डोंगर घसरेल का’ हा नसेल. ‘यावरून आम्हाला उठवणार का’ हा असेल. मोजमापं खुली करावीत असं मी म्हणतो, नेदरलँड्सने केली तशी, इंग्लंडने २०१५ मध्ये केली तशी. पण उतारावरचा लाल ठिपका जाहीर करताना त्याच्यापुढे त्या कुटुंबाची नवी जागा, ती त्याच वॉर्डात किंवा शेजारच्या वॉर्डात, लिहिलेली असली पाहिजे. ते नसेल तर लोक मोजणीवाल्याला गल्लीत शिरू देणार नाहीत, आणि हातातल्या स्कॅनरने भरायच्या गल्ल्या कोऱ्याच राहतील. पालघर जिल्ह्यात गारगाई धरणाचा ४४० दशलक्ष लिटरचा प्रस्ताव पुन्हा हलू लागला आहे. त्याचं पाणी आलं तर तेही याच टेकड्यांच्या आधाराने वाटलं जाईल. त्याच्या वाहिन्यांची निविदा निघेल तेव्हा तिच्यात दोन अटी घालता येतील: मोजणी सलग पाच उन्हाळे, आणि मोजमापं आपत्ती व्यवस्थापन विभागाच्या नावावर. खर्च वाढेल, पण भांडुपचं संकुल आणखी एकदा पाण्याखाली जाण्याच्या खर्चापुढे तो किरकोळ ठरेल.